निळं बटण, पांढरं बटण

गुलमंडीत आमचं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, परकराचं कापड, एवढंच. साडी एकही नाही. साडी गिऱ्हाईक पिशवीतून आणतं आणि तिला जुळणारं कापड आम्ही काढून द्यायचं. या धंद्याचा पहिला नियम असा, की दुकानातल्या उजेडावर विश्वास ठेवायचा नाही. बाई कितीही घाईत असली तरी साडी आणि कापड घेऊन उंबऱ्याबाहेर जाते, रस्त्यावरच्या उन्हात दोन्ही एकमेकांवर धरते, मागून स्कूटरवाला हॉर्न वाजवत असतो, आणि मग आत येऊन म्हणते, "जरासा गडद दाखवा." मी या उंबऱ्यावरच लहानाची मोठी झाले, त्यामुळे कुठलीही वस्तू आधी बाहेर नेऊन बघायची मला खोड आहे. स्थळ आलं तेव्हा मुलालाही गॅलरीत नेऊन बघावंसं वाटलं होतं. नेलं नाही, आणि चार वर्षांत मी आईवडिलांकडे परत आले. असो.

दुकान आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. त्यांची नजर अशी, की साडी घरी विसरलेल्या बाईला ते नुसतं विचारायचे, "काठ कसले होते?" आणि तिनं सांगितलं की नेमकं तेच ठाण खाली ओढायचे. रामा आणि मोरपंखी यांच्यामध्ये चार रंग असतात हे मला त्यांनी शिकवलं. मला अजून त्यातले तीनच दिसतात.

गेल्या दिवाळीनंतर मात्र आबा घरी बसले. झालं असं, की एका लग्नघरच्या बाईंना नेव्ही ब्लू साडीवर त्यांनी काळं कापड फाडून दिलं. दुसऱ्या दिवशी बाई परत आल्या, दोन्ही गल्ल्यासमोर ठेवून काही न बोलता उभ्या राहिल्या. ते न बोलणं आबांना फार लागलं. मी तेव्हा नुकतंच जुन्या ट्यूबा काढून एलईडी लावले होते, त्यामुळे निकाल लगेच लागला. "त्या नव्या ट्यूबांनी रंग मारलेत. डोळं चांगलं हायत, उजेड खराब हाय." डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याच्या आधीच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय असं सांगितलं होतं. आबांच्या मते त्या दवाखान्यातला उजेडही खराब होता. ते परत दुकानात यावेत एवढीच माझी इच्छा होती. त्यांच्याशिवाय दुकान चालत होतं, पण मला तिथं करमत नव्हतं.

माशांचा नाद मला त्याच हिवाळ्यात लागला. नाद माशांचा म्हणायचा, पण खरी हौस प्रवाळाची. समुद्राच्या पाण्याची टाकी, तीत दगड, दगडावर प्रवाळ. आपल्याकडचं कडक प्रवाळ पाळायला कायद्यानं बंदी आहे, तेव्हा मऊ जातीचं, टाकीतच वाढवलेलं घ्यायचं. आमच्या शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या पाण्याची वाट बघायची, ते गाळायचं आणि वरून त्यात मोजून मीठ घालायचं, हे ऐकून शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "पोरीचं बरं चाललंय ना?" आई म्हणाली, "पाणी वाया नाय घालवत, खारवायलीय." आईला तेवढ्यापुरतं ते पटलं होतं.

टाकी आली, पाणी मुरलं, आता उरला उजेड. या नादात उजेड हीच सगळ्यात अवघड निवड, आणि घरात उजेडाचा जाणकार एकच. मी आबांना म्हटलं, चला. दुकान सोडल्यापासून ते पहिल्यांदाच इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडले.

चिकलठाण्याकडच्या नव्या वसाहतीत एक गृहस्थ आपल्या घराच्या पुढच्या खोलीत या टाक्यांचा व्यवसाय करतात. दिवसा कारखान्यात नोकरी, रविवारी प्रवाळ. त्यांनी तीन दिवे टांगून दाखवले. पहिल्याच्या उजेडात टाकी नुसती पांढरी, दवाखान्यासारखी. दुसऱ्याला फिरवायची दोन बटणं होती, पंख्याच्या रेग्युलेटरसारखी: एक निळ्याचं, एक पांढऱ्याचं. तिसरा मोबाइलवर चालणारा, त्यात ढगसुद्धा येतात म्हणे. तो बघून आबा म्हणाले, "ढग बाहेर फुकट हायत."

मग त्या गृहस्थांनी पांढरा बंद करून नुसता निळा लावला. मी बघतच राहिले. हिरवे आणि नारिंगी ठिपके अंगातूनच उजळल्यासारखे दिसत होते आणि भोवती सगळी खोली जांभळ्या शाईत बुडाली होती.

"चाचा, निळा म्हणजे ह्यांचं जेवण," ते गृहस्थ म्हणाले. "समुंदर में नीचे तक नीला ही जाता है. ह्यांच्या अंगात बारीक शेवाळ असतं, ते उजेड खाऊन ह्यांना पोसतं. सफेद काय, आपल्याला बघायला."

आबा काचेला नाक लावून उभे होते. "काय बघायचं ह्यात? अंधार हाय. दोन-चार ठिपके दिसायलेत," ते म्हणाले. आणि मग, धंद्याच्या सवयीनं, "हे जरा दारात आणता येतंय का?"

दोनशे लिटरची टाकी दारात. ते गृहस्थ हसले, मीही हसले. कौतुकानंच हसले, पण हसले. त्यांना अंधार का दिसतोय हा प्रश्न मला तिथंच पडायला हवा होता. पडला नाही. मी दोन बटणांचा दिवा घेतला, म्हणजे जेवणही होईल आणि आबांना दिसेलही.

घरी आल्यावर दिवा आपोआपच आबांच्या ताब्यात गेला. मी सकाळी दुकानात, आई तिच्या कामात. जेवण झालं की आबा खुर्ची ओढून टाकीसमोर बसत. निळं बटण त्यांनी तळाशी नेलं आणि पांढरं पार टोकाला. त्यांच्या मते आता कुठं उजेड पडला होता. संध्याकाळी मी आले की बारीकसारीक हकिकत ऐकवत: कोणता मासा कोणत्या दगडाआड राहतो, कोण कोणाच्या वाटेला जातं. माणूस पुन्हा बोलायला लागला होता. त्या दिवसांत मला कुणी हा दिवा बदल म्हटलं असतं, तर मी भांडले असते.

आणि रंग खुलायला लागले. निदान मला तसं वाटलं. आमच्याकडे छत्रीसारख्या चपट्या जातीचं प्रवाळ होतं, आणलं तेव्हा वांगी रंगाचं, थोडं तपकिरीच. महिन्याभरात ते कोनफळी झालं, मग अबोली, मग असं नाजूक गुलाबी की लग्नसराईत त्या रंगाचं ठाण दोन दिवस टिकलं नसतं. मी फोटो काढून गिऱ्हाइकांना दाखवत सुटले. "पेस्टल आहे," मी सांगायचे. एका बाईंनी त्या फोटोवरून ब्लाउजपीससुद्धा नेला. आबा तर मिशीतल्या मिशीत हसायचे. "उजेड बरोबर असला म्हंजे माल बोलतो. दुकानात बी हेच सांगत होतो."

फुशारकीनं मी एक फोटो चिकलठाण्याच्या त्या गृहस्थांनाही पाठवला. पाचव्या मिनिटाला त्यांचा फोन आला. "ताई, ये खुला नहीं, ये उड़ गया. जास्त उजेडानं त्यानं आतलं शेवाळ टाकून दिलंय. उपाशी मरायलंय ते. सफेद किती ठेवलाय?"

मी गल्ल्यावर डोक्याला हात लावून बसले. ज्या दुकानात दर्शनी फळीवरच्या कापडाची घडी दर आठवड्याला फिरवतात, कारण ऊन लागून घडीवर फिकट पट्टा पडतो, त्या दुकानात मी वाढले. गुलाबी उडालं की त्याला आम्ही कधी पेस्टल म्हणत नाही, कटपीसच्या ढिगात टाकतो. आणि घरातलं एक जिवंत उडत होतं तेव्हा मी त्याचे फोटो वाटत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आबांना हे कसं सांगायचं, हा खरा पेच होता. ट्यूबांनी त्यांचं दुकान घेतलं होतं, आता मी दिवाही काढून घ्यायचा? मी भित्रा मार्ग धरला. सकाळी निघताना निळं बटण वर आणि पांढरं गुपचूप खाली आणायचे. संध्याकाळी येऊन बघावं तर ते पुन्हा टोकाला. चार दिवस आमचा हा मुका खेळ चालला आणि छत्र्या कडांनी आत वळायला लागल्या.

पाचव्या दिवशी माझा पारा चढला. तो चढायला फार काही लागत नाही. मी म्हटलं, "आबा, ते मरायलंय. जास्त पांढऱ्यानं. मी रोज तो कमी करते, तुम्ही परत टोकाला नेता."

"निळ्यात काय दिसंना मला. अंधार होतोय."

"अंधार होत नाही. तुम्हाला निळा दिसतच नाही."

बोलून गेले. आईनं स्वयंपाकघरातून नुसतं डोकं बाहेर काढलं. आबांनी हात पुढं करून पांढरं बटण शून्यावर नेलं आणि आपल्या खोलीत गेले. मला इतकी शरम वाटली की मी जेवले नाही, आणि कधी नव्हे ते आईनंही आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी बाराच्या सुमाराला आबा आईकडून माझ्या शिलाईच्या पेटीतले दोन कटपीस मागून घेऊन गच्चीवर गेले. मी मागून जिन्यात उभी राहिले. वर कडक ऊन, डोळे दिपवणारं. त्यांनी दोन्ही तुकडे दोन हातांवर पसरले, जवळ धरले, लांब धरले, एकावर एक ठेवले. जन्मभर गिऱ्हाइकांना सांगितलं, उजेडात बघून घ्या, ते आता स्वतः बघत होते. बराच वेळ बघत होते.

मी आहे हे त्यांना माहीत असावं. मागं न वळता त्यांनी विचारलं, "ह्यातला काळा कंचा?"

"डावीकडचा."

"आणि हा नेव्ही ब्लू."

"हो."

"उन्हाला बी खराब म्हणता येत नाय आता," आबा म्हणाले आणि तुकड्यांच्या घड्या घातल्या. "डॉक्टरला फोन लाव."

पहिलं ऑपरेशन उजव्या डोळ्याचं झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, काळा चष्मा मिळाला. घरात शिरल्यावर आबा चपला काढून सरळ टाकीसमोरच्या खुर्चीत बसले. आता दिवस मावळायला आलेला होता आणि नुसता निळा चालू होता. छत्र्या अजून फिकटच होत्या, पण कडा उघडल्या होत्या. चिकलठाण्याच्या गृहस्थांनी सांगितलं होतं, धीर धरा, रंग परत भरेल, महिने लागतील.

आबांनी चष्मा कपाळावर सरकवला. मी काही म्हणणार, तोच आईनं मला खुणेनं थांबवलं. आबांनी उजव्या डोळ्यासमोर तळहात धरला. मग डाव्या. पुन्हा उजव्या.

"ह्या डोळ्यानं," जुन्या, डाव्या डोळ्याकडे बोट दाखवत ते म्हणाले, "समदं चहात पडल्यावानी. आणि ह्या डोळ्यानं..." ते काचेकडे वाकले. "चिंतामणी निळा. निव्वळ चिंतामणी. कडेला जांभळा मारतोय. खाली त्यो रामा हाय का?"

मी म्हटलं, रामाच आहे.

मला वाटलं, आता ते खूश होतील. पण बघता बघता त्यांचा चेहरा उतरला. हात मांडीवर ठेवून ते म्हणाले, "हे एवढं मला किती वर्सं दिसत नव्हतं, काय की. म्हंजे मी किती जणींना चुकीचं कापड दिलं असंल?"

"एकीलाच," मी लगेच म्हटलं.

खरं तर मी दोन वर्षं ते सावरत होते. त्यांनी फाडलेलं कापड चुकलं की मी ते गल्ल्याखाली सारायचे, बरोबरचं ठाण काढून दुसरा तुकडा फाडायचे आणि तोच पिशवीत घालायचे. आबांना कळू नये म्हणून तेवढ्यात त्यांना चहा सांगायला पाठवायचे, नाहीतर मुद्दाम काहीतरी विचारायचे. ती लग्नघरची बाई आली त्या दिवशी मी बँकेत गेले होते. तेवढी एकच सुटली होती.

आबांनी चष्मा खाली ओढला. "एकीलाच," ते म्हणाले. "आणि बाकीच्यांना तू बदलून देत होतीस."

मी आईकडे बघितलं. आईनं मान हलवली, तिनं काही सांगितलेलं नव्हतं.

"पोरी, माझं डोळं गेलं होतं, कान न्हवतं गेलं," आबा म्हणाले. "एका गिऱ्हाइकापायी कापड एकदाच टर्र वाजतंय. तू दुकानात असलीस की दोनदा वाजायचं. मी घरी बसलो ते काय त्या ट्यूबांपायी नाय, त्या दुसऱ्या टर्रपायी."