फुटाला पाव इंच

धीट माणसाकडे सांगायला एखादाच किस्सा असतो, तो त्याला जन्मभर पुरतो. भित्र्यांकडे ढीग साठतो! आणि आम्ही तिघं पहिल्या नंबरचे भित्रे. मी हिंगोलीच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर, दत्तोपंत स्टेशनवर मालधक्क्याचे क्लार्क, आणि करीमभाई बाजारात घड्याळं दुरुस्त करायचे. तिघांना वेड एकच, खेळण्यातल्या आगगाडीचं.

महायुद्धाच्या आधी चावीची एक गाडी आम्ही पैदा केली होती. लढाईत तिची स्प्रिंग तुटली, नवी मिळेना, गाडी ट्रंकेत गेली. सत्तेचाळीस साली बायकोनं ट्रंक उपसली आणि विचारलं, "हे भंगार टाकू का?"

झालं! आम्ही पुन्हा नादाला लागलो. साल मात्र नेमकं चुकीचं निवडलं. देश स्वतंत्र झाला, पण आमचं संस्थान त्यात जाणार की वेगळं राहणार, कुणालाच ठाऊक नव्हतं. संस्थानाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्या फिरत, घरांच्या झडत्या होत. घरात वायर किंवा नकाशा सापडला की माणूस हेर म्हणून उचलला जायचा.

* * *

नवी स्प्रिंग बसवायला इंजिन आधी करीमभाईंच्या दुकानात गेलं. एक दिवस त्या टोळ्यांतला एक बंदूकवाला आपलं मनगटी घड्याळ घेऊन आला. त्याची नजर टेबलावर.

"ये क्या है?"

करीमभाई चटकन उठून उभे राहिले. "घ... घडी है, हुजूर."

"इत्ती बडी? हात पे कौन बांधेगा?"

"दीवार की है."

त्यानं इंजिन उचलून उलटंपालटं केलं. "और ये चिमनी काय को?"

करीमभाईंनी अल्लाचं नाव घेतलं आणि म्हणाले, "उसमें से कोयल निकलती!"

तो हसला आणि गेला. करीमभाईंनी तेव्हाच दुकान बंद केलं आणि दोन दिवस उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर. घड्याळ घ्यायला नव्हे, कोयल बघायला!

* * *

मग वाद लागला मापाचा. जुनी गाडी कुठल्याच मापात नव्हती, म्हणून नवे डबे आम्हीच टिनाचे करायचे ठरलं.

दत्तोपंत म्हणाले, "खऱ्या गाडीच्या फुटाला अर्धा इंच. गाडी कशी, गाडीसारखी दिसली पाहिजे."

मी हिशेब केला. एकेक डबा दोन फुटांचा! चार डबे आणि इंजिन, म्हणजे माझ्या खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. झडतीत लपवायचं कुठं?

करीमभाई म्हणाले, "फुटाला इंचाचा आठवा हिस्सा. खिशात मावतं. बराबर?"

"मग चाकं दिसायला तुमचं भिंग डोळ्याला लावून बसायचं का?" दत्तोपंत चिडले.

महिनाभर भांडण. शेवटी माझी बायको, यमुना, आतून एक जुनं लुगडं घेऊन आली आणि जमिनीवर पसरलं.

"पळायची पाळी आली तर लेकराचे कपडे, पीठ आणि तुमची गाडी याच गाठोड्यात. पीठ मी कमी करनार न्हाई. आता ठरवा!"

फुटाला पाव इंच ठरलं.

* * *

करायचं काय, हा दुसरा वाद. मी म्हणालो, मनातला घाट करू, बोगदा करू, कुणाला संशय नको. दत्तोपंतांना हिंगोलीचंच स्टेशन हवं होतं. वीस वर्षं तिथं राबलेला माणूस! ते रोज कामावर जाताना पावलांनी प्लॅटफॉर्म मोजायचे. एकदा वरचा साहेब मागे येऊन उभा राहिला.

"क्या गिन रहे हो?"

त्या दिवसांत स्टेशन मोजणं म्हणजे फासावरच चढणं. दत्तोपंतांच्या तोंडून निघालं, "जप, साहेब. रोज एकशेआठ."

साहेब भाविक निघाला. त्यानं ते साऱ्या स्टेशनला सांगितलं. दुसऱ्या दिवशी हमाल पाया पडले. आठवड्यात औंढ्याला देवदर्शनाला निघालेली एक बाई लेकरू घेऊन आली, "म्हाराज, याला नजर लागली."

दत्तोपंतांनी लेकराच्या डोक्यावर हात ठेवला. मोजणी मात्र तेवढ्यात चुकली. सगळा प्लॅटफॉर्म पुन्हा मोजावा लागला!

* * *

त्या मोजणीवरून मी नकाशा काढला. आणि भर दुपारी गल्लीत ओरडा झाला, "झडती!"

नकाशा पलंगभर पसरलेला. रूळ, सांधे, पाण्याची टाकी, सगळं शाईत. यमुनेनं उडदाच्या पापडांची चळत उचलली आणि ओले पापड त्या कागदावर भराभर मांडून टाकले.

तिघं आत आले. ट्रंका उलथ्या केल्या, पिठात हात घातला. जाताना म्होरक्या पलंगापाशी थांबला. त्यानं काठाचा एक पापड उचलला. खाली मालधक्क्याचा कोपरा उघडा पडला. त्यानं कच्च्या पापडाचा तुकडा मोडून तोंडात टाकला, चावला, आणि म्हणाला, "नमक कम है."

गेले! यमुना दाराला कडी घालून आली. तिनं उरलेला पापड जिभेला लावला. मग म्हणाली, "अहो, खरंच मीठ कमी झालंय का?"

* * *

पुढच्या वर्षी भादव्यात देशाची फौज आली. त्या टोळ्या पांगल्या, पण भीती गेली नाही, तिनं फक्त घर बदललं. आता करीमभाईंच्या मुसलमान गल्लीत लोक दारं लावून बसले. खेड्यांकडून सुडाच्या वाईट बातम्या येत होत्या. दत्तोपंतांनी करीमभाईंना माझ्या घरी आणून बसवलं. करीमभाईंची बायको-मुलं परभणीला अडकलेली. गाड्या चार दिवस बंद.

करीमभाई जेवत नव्हते. हाताला काम असावं म्हणून आम्ही त्यांच्यापुढे वाफेचं छोटं इंजिन ठेवलं. नुकतंच केलेलं, घड्याळं धुवायच्या स्पिरिटवर चालणारं. त्यांनी वात पेटवली. पाणी उकळलं, चाकं फिरली, आणि शिट्टीची झडप अडकली.

काय किंचाळली ती शिट्टी! सारं गाव चिडीचूप, आणि आमच्या घरातून आगगाडी ओरडतेय. दत्तोपंतांनी वात विझवली, मी वर घोंगडी टाकली. तरी ती घोंगडीखाली रडत रडतच थांबली.

आणि दारावर थाप पडली.

करीमभाई उठून भिंतीला टेकले. यमुनेनं खुणेनं आत बोलावलं, ते हलेनात. थाप पुन्हा पडली. दत्तोपंत दारापाशी गेले. हातात काही नाही, नुसता तांब्या. त्यांनी कडी काढली.

बाहेर एक म्हातारी, डोक्यावर बोचकं. एकटीच.

"बाबा, चार दिस झाले, ठेसनाच्या वाटंला बसून राहिले. शिट्टी इथूनच आली न्हव? मला परभणीच्या वाटंवर वसमतला उतरायचंय. कुरुंद्याला लेक हाय माझी."

दत्तोपंतांनी तांब्या तिच्या हातात दिला.

"व्हय माय, वसमतचीच. जरा लेट आहे. आत बसा."

ती आली, पाणी प्याली आणि भिंतीपाशी करीमभाईंच्या पायाशीच बसली. बोचकं बाजूला सारून तिनं जागा केली. मग मान वर करून विचारलं,

"तुमी बी वसमतलाच का, बाबा?"

करीमभाई हळूहळू खाली बसले.

"व्हय, माय," ते म्हणाले. "तिकडंच."