दहा माणसांचा कद्दिश

धारूरमध्ये आमचं बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घर एकच. त्यामुळे आमच्या धर्मातल्या शब्दांचे अर्थ लावायचं काम घरमालकांनी परस्पर स्वतःकडे घेतलं होतं. मालक पुढारी, माहिती नाही म्हणून ते कुठे अडले नाहीत. शब्बाथ म्हणजे शनिवारचा उपास, कोशेर म्हणजे सोवळं, असं ते चहाच्या टपरीवर सगळ्यांना समजावून सांगत. शनिवारी आम्ही पोटभर जेवतो हे मी कितीदा सांगितलं, तरी दर शनिवारी उपासाची केळी येतच राहिली.

वडिलांचं वर्ष आलं. त्या दिवशी मुलानं कद्दिश ही प्रार्थना म्हणायची असते आणि त्याला मिन्यान लागतो, म्हणजे आपल्या धर्माचे दहा पुरुष. आईला अलिबागच्या प्रार्थनालयापर्यंतचा प्रवास झेपत नव्हता, आणि कद्दिश स्वतःच्या कानांनी ऐकायचा तिचा हट्ट होता. अलिबागकडचे नातेवाईक फोनवर फार हळहळले. आलं कुणीच नाही.

मालकांच्या कानावर हे गेलं. "दहाच? कावून काळजी करता, सर? सभेला शंभर आणतो मी." माणसं आमच्याच धर्माची लागतात, असं मी म्हणालो. "आजच्या दिवस होऊ की आमी," म्हणत ते निघालेसुद्धा. इतके पक्ष बदललेल्या माणसाला यात अवघड काय वाटणार?

संध्याकाळी जीप भरून माणसं आली, गळ्यात पक्षाची उपरणी, डोक्यावर टोप्या घालून. प्रार्थनेला डोकं झाकलेलं हवं म्हणावं तर एकाचंही उघडं नव्हतं. टोपी शोधत होतो तो मीच. मालकांचा कार्यकर्ता सवयीनं बोट दाखवत माणसं मोजायला लागला.

"माणसं मोजू नका," आई खाटेवरून म्हणाली. "आमच्यात मोजत नाहीत."

हे खरंच आहे. मिन्यान भरला का हे बघतानाही आम्ही आकडे म्हणत नाही. दहा शब्दांचं एक वचन म्हणतो, माणसामागे एक शब्द. कार्यकर्त्याचं बोट हवेतच राहिलं. न मोजता गर्दी जमवायची त्याची पहिलीच वेळ असावी.

मी आईच्या कानाशी जाऊन सांगितलं, यात आपला एकही नाही, मिन्यान भरत नाही.

"मोजलंस कशाला?" ती म्हणाली. "म्हण आता."

मी सुरुवात केली. आमेन कुठे म्हणायचं ते कुणाला माहीत नव्हतं. मी थांबलो की सगळे एकदम "हौ" म्हणत, सभेत म्हणतात तसं. आईचं आमेन त्यात बुडून गेलं. मला हसू यायला हवं होतं, पण रडूच आलं आणि पुढची ओळ दिसेना.

मालक हळू आवाजात म्हणाले, "सावकाश म्हणा, सर. आमी थांबलोत."