ठिपकेबाई आणि परत परत येणारा व्हायरस

अंधशाळेतली मुलं त्यांना ठिपकेबाई म्हणत. टेलिफोन ऑपरेटरची नोकरी संपल्यावर त्या ब्रेल शिकल्या आणि गेली अकरा वर्षं घरी बसून शाळेची पुस्तकं नि प्रश्नपत्रिका उठावदार ठिपक्यांत छापून देत होत्या. छपाईचं यंत्र जेवणाच्या टेबलाशेजारी होतं. ते सुरू झालं की कपाटातल्या कपबश्या थरथरायच्या. ते यंत्र फक्त त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरचंच ऐकायचं. नव्या कॉम्प्युटरला दाद देत नसे, आणि यंत्र जोडायची सीडी केव्हाच गहाळ झाली होती.

त्या गुरुवारी सकाळी त्या प्रश्नपत्रिका उघडायला गेल्या, तर प्रत्येक फोल्डरवर बारीकसा वाकडा बाण. क्लिक केलं की स्क्रीन लुकलुकायची, उघडत काहीच नव्हतं. संध्याकाळी पाचला मुख्याध्यापिका कागद न्यायला येणार होत्या. परीक्षा दुसऱ्या दिवशी.

वरच्या मजल्यावर राहणारा त्यांचा धाकटा दीर लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. तो खाली आला, खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "वहिनी, सगळं पुसून नव्याने टाकू."

"आणि छपाई कशावर करू, भाऊजी? तुमच्या लिफ्टवर?"

मग सेफ मोड, अँटीव्हायरसची सीडी आणि दीड तास स्क्रीनवर सरकणाऱ्या हिरव्या पट्टीकडे बघत बसणं. त्रेचाळीस फाइली पुसल्या गेल्या. त्यात प्रश्नपत्रिकेची कॉम्प्युटरमधली प्रतही गेली. दुसरी प्रत पेनड्राइव्हवर होती, म्हणून बाईंनी तो लावला. पाच मिनिटांत बाण परत हजर.

पुन्हा सफाई, पुन्हा पेनड्राइव्ह, पुन्हा बाण. दोन वाजून गेले होते. दिराने कपाळाला हात लावला. "हा पिच्छा सोडणार नाही, वहिनी. मशीनमध्येच मुरलाय."

बाईंनी एक कोरा कागद घेतला आणि सकाळपासून काय काय केलं ते क्रमाने लिहून काढलं. दोन्ही वेळा बाण येण्याआधी एकच ओळ होती: पेनड्राइव्ह लावला. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मुरलेला नाही. मीच त्याला हात धरून घरात आणतेय."

"मग फेकून द्या तो पेनड्राइव्ह."

"प्रश्नपत्रिका आता फक्त त्याच्यावरच आहे."

तिसरी सफाई साडेतीनला संपली. शिफ्ट दाबून ठेवलं की पेनड्राइव्ह आपणहून सुरू होत नाही, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांनी दोन्ही अंगठे त्या बटणावर टेकवले. "लावा."

दीर टेबलाखाली, कॉम्प्युटरच्या डब्यापाशी शिरला. "लावला."

दहा सेकंद गेले. स्क्रीन हलली नाही. बाईंची बोटं पांढरी पडली होती. मग एका हाताने त्यांनी वरच्या पत्त्याच्या पट्टीत पेनड्राइव्हचं अक्षर टाइप केलं, लपलेल्या फाइली दाखवायला सांगितल्या. त्यांच्या कामाच्या फाइलींच्या मधोमध दोन अनोळखी नावं बसली होती. एक पुसलं. दुसरं पुसताना मशीन अडकलं.

"वहिनी, श्वास घ्या," टेबलाखालून आवाज आला.

नाव गेलं. प्रश्नपत्रिका उघडली, आकृत्यांसकट.

मुख्याध्यापिका आल्या तेव्हा शेवटची सहा पानं छापायची बाकी होती. त्या दारातच उभ्या राहिल्या, आणि त्या खडखडाटातच बाईंनी सांगून टाकलं, "हा व्हायरस माझ्या पेनड्राइव्हमधून आला. तो मी तुमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरला लावते. तिथून माझ्याकडे आला की माझ्याकडून तिथे गेला, ते माहीत नाही. पण तुमच्याकडेही असणार."

मुख्याध्यापिकांचा चेहरा उतरला. "निकालपत्रकं त्याच कॉम्प्युटरवर आहेत."

"तो बंद ठेवा. कुणाला काही लावू देऊ नका. उद्या पेपर सुरू झाला की मी येते."

यंत्र थांबलं. मुख्याध्यापिकांनी ठिपक्यांचे कागद छातीशी धरले आणि जिना उतरता उतरताच शिपायाला फोन लावला. दीर अँटीव्हायरसची सीडी फडक्याने पुसून पाकिटात घालत होता.

"उद्या मी रजा टाकतो," तो म्हणाला. "टेबलाखाली शिरायला कुणीतरी लागेल."