शेवटच्या कुस्तीचा मानकरी

टावर जाकिटाची चेन कधी लावत नसे. थंडीत वारंगा फाट्यावर सकाळी माणसं शेकोटीला चिकटून बसतात, मफलरीतून नुसती नाकं दिसतात. आणि हा साडेसहा फुटांचा माणूस माझ्या हॉटेलात जाकीट सताड उघडं टाकून चहा पीत बसलेला असे. कॉलेजात असताना एका मॅचला सरांनी त्याला खेळायला बोलावलं, नेमकी चेन अडकली, आणि ती सुटेपर्यंत सरांनी दुसऱ्यालाच पाठवलं. तेव्हापासून त्याने चेनीशी कायमचं वैर धरलं. "लाव की बाबा, गारठून मरशील," असं मी म्हटलं की तो म्हणे, "अन् बोलावणं आलं मंग? चेन उघडत बसू का?"

नाव बालाजी. पण आमच्या गावात मोबाइलचा टावर उभा राहिला त्याच वर्षी हाही एकदम वाढला, आणि नाव चिकटलं. टावरपेक्षा हाच जास्त उपयोगाचा, असं बायका म्हणत. टावरला रेंज नसे, हा निदान शेवग्याच्या शेंगा काठीशिवाय काढून देई. दारातून आत येताना मान खाली घालायची त्याला इतकी सवय होती की उघड्या रानातसुद्धा तो वाकूनच चाले. एसटीत मागच्या बाकावर मधोमध बसून पाय पुढे सोडायचा. कंडक्टर ते पाय ओलांडून तिकिटं फाडायचे आणि दर वेळी काहीतरी बोलायचे. हा नुसता हसे.

शाळेत आम्ही एका वर्गात. खेळाच्या सरांनी आम्हाला बास्केटबॉलला लावलं, त्याला उंचीमुळे आणि मला संघात एक जण कमी पडत होता म्हणून. मी खालून चेंडू द्यायचा आणि त्याने वरून टाकायचा, एवढंच आमचं शास्त्र. अख्ख्या गावात सिमेंटची सपाट जागा म्हणजे शाळेचं ते मैदान, त्यामुळे सुगीत तिथे सोयाबीन वाळत पडे. उरलेल्या कोपऱ्यात टावर उड्या मारी. बायका ओरडत, "ए टावर, सोयाबीनवर नको नाचू रे!" रिंगला जाळी नव्हती. चेंडू आत गेला की नाही यावर आमची भांडणं होत. टावर कधी भांडला नाही. "गेला नसंल," म्हणून पुन्हा टाके.

त्याचे वडील म्हणजे आमच्या तालमीचे वस्ताद. घरी मेंढरं, थोडी जमीन, आणि दाराशी लाल माती. ऐन उमेदीत पंचक्रोशीतल्या जत्रांमध्ये शेवटची कुस्ती त्यांची असे. आमच्याकडे फड लागला की आधी रेवड्यांवर लेकरांच्या कुस्त्या, मग जोड वाढत जातात. सगळ्यात तगडा पैलवान सगळ्यात शेवटी उतरतो. त्याच्यासाठी माणसं उन्हात दिवसभर बसून राहतात. हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. पोरगं कुस्ती सोडून चेंडूमागे लागलं याचं वस्तादांना आधी वाईट वाटलं होतं, पण त्याला एका शहराच्या पगारी संघाने लीगच्या हंगामापुरतं करारावर घेतलं, तेव्हा त्यांनी गावभर पेढे वाटले. फ्लेक्स लागला. त्यात टावरचं डोकं वर मावेना, म्हणून छापणाऱ्याने कपाळापासून कापलं होतं.

मॅच बघायला माझं हॉटेल ठरलं, कारण मोबाइल जोडता येईल असा टीव्ही माझ्याकडेच होता. पहिल्या मॅचला गावातून दोन जीप भरून माणसं आली. टीव्हीवर टावर दिसला तो बाकाच्या अगदी टोकाला, जाकीट उघडं. मैदानातून कुणी दमून आलं की हा उठून त्याला टॉवेल देई, पाण्याची बाटली देई. माणसं चुळबुळ करू लागली. वस्ताद शांत होते. म्हणाले, "तालमीत नवं पोरगं पहिलं पाणीच देत असतंय. मीबी दिलं."

मॅच सुटायला दोन मिनिटं उरली. संघ इतका मागे पडला होता की देव आला असता तरी जिंकवू शकला नसता. मग प्रशिक्षकांनी बाकाच्या टोकाकडे हात केला. टावर एका झटक्यात जाकिटातून बाहेर आला आणि मैदानात गेला. आणि माझ्या हॉटेलात जे काही झालं ते मी कधी विसरणार नाही. खुर्च्या पडल्या, शिट्ट्या वाजल्या, कुणीतरी माझ्या काउंटरवरचा सगळा चिवडा उधळला. वस्ताद उभे राहिले, पायातल्या वहाणा बाजूला काढल्या आणि टीव्हीला हात जोडले.

"शेवटच्या कुस्तीला उतरवलं माझ्या लेकराला!"

मी खेळलो होतो तेवढं मला कळत होतं. डाव हातचा गेला की चांगल्या खेळाडूंना विसावा द्यायचा आणि बाकावरचे उतरवायचे, कारण आता काही बिघडण्यासारखं उरलेलं नसतं. पण ते त्या गर्दीत बोलणार कोण? एक जण म्हणाला, "मंग हरले काहून?" वस्ताद त्याच्यावर डाफरले. "सगळ्यांनी मिळून घालवल्यावर त्याच्या हाती दिलं. एकटा काय करंल?"

तो अख्खा हंगाम असाच गेला. संघ हरत राहिला, आणि हरल्याची खात्री झाली की टावर उतरत राहिला. गावाला वाटे, दर वेळी मानाची जागा आपल्याच माणसाला. मला टावरचा फोन येई. "काय म्हणून राहिले आबा?" तो विचारी. मी सांगे, वस्ताद खूश आहेत. तो म्हणे, "एकदा, गणेशा. एकदाच बराबरीत असताना उतरवावं. मंग घरी पाठवलं तरी चालंल." त्याचं दुसरं मागणं नव्हतं. पगार नाही, फोटो नाही. डाव जिवंत असताना एकदा आत जायचं होतं.

तशी वेळ आली. सामना बरोबरीत होता आणि टावरच्याच संघाचा उंच खेळाडू पाय मुरगळून खाली बसला. प्रशिक्षकांनी बाकाकडे बघितलं. टावर जाकीट टाकून उभाच होता. हॉटेलात सगळे टीव्हीकडे सरकले. मीसुद्धा. प्रशिक्षकांचा हात उठला आणि टावरच्या शेजारच्याकडे गेला. टावरला त्यांनी बोटानेच खाली बस म्हणून सांगितलं. तो बसला. जाकीट उचलून झटकलं, अंगात घातलं. चेन तेव्हाही लावली नाही.

"राखून ठेवलंय त्याला," वस्ताद म्हणाले, "शेवटासाठी." माझा चहा उतू जात होता आणि तो उतू जातोय हे मला दिसतही होतं.

हंगाम संपला आणि तो घरी आला, नेमका जत्रेच्या तोंडावर. फडात शेवटची कुस्ती लागण्याआधी भोंग्यावरून टावरच्या नावाचा पुकारा झाला, शेवटच्या कुस्तीचा मानकरी म्हणून. टावर वाकला तरी वस्तादांचा हात पोचेना. मग कुणीतरी शाळेतला बाक आणला, त्यावर चढून त्यांनी लेकाला फेटा बांधला. गाव हसलं, टाळ्या पडल्या. म्हाताऱ्याचा चेहरा इतका फुलला होता की मला बघवेना. परत येताना मी म्हणालो, "आबाला सांगत काहून न्हाईस?" तो म्हणाला, "काय सांगू? की मॅच गेल्यावर जागा भरायला पाठवतेत म्हणून? एवढं एकच तर दिलंय मी त्यांना."

पुढच्या हंगामाला संघाने त्याला ठेवलं नाही, आणि नंतर ती लीगच पुन्हा भरली नाही. टावर वर्षभर शाळेच्या मैदानावर एकटा उड्या मारत राहिला. फोन खिशात, जाकीट उघडं. मग एक दिवस पुण्याला गेला. तिथे एका मोठ्या गोदामात वरच्या फळीवरचे खोके काढायचं काम लागलं. "शिडी लागत न्हाई मला, सायेब खूश हायेत," त्याने फोनवर सांगितलं. मी हसलो. फोन ठेवल्यावर दिवसभर गिऱ्हाइकांवर खेकसत होतो.

वस्ताद आजारी पडले ते गेल्या वर्षी. टावरच्या थोरल्या भावाने नांदेडला नेलं, दवाखाने केले. टावरला कळवलं नाही. नवी नोकरी, उगी कशाला सुट्टी टाकायला लावायची, असं घरातल्या सगळ्यांनी ठरवलं. डॉक्टरांनी आता घरी न्या म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे फोन गेला. तो पुण्याहून निघून दुपारी पोचला. मी त्याला फाट्यावरून गाडीवर घेऊन गेलो. दारात नेहमीसारखी मान खाली घालून तो आत गेला आणि खाटेजवळ बसला. वस्तादांनी डोळे उघडले. त्याला ओळखलं. मग भोवती उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांकडे बघितलं. आवाज जवळजवळ नव्हताच, पण त्यातला तोरा तोच.

"बगा. शेवटाला उतरलं का न्हाई माझं लेकरू."

त्यानंतर ते बोलले नाहीत. टावरने हात धरला होता. तो हात कधी गार झाला ते आम्हालाच त्याला सांगावं लागलं.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर तो माझ्या हॉटेलात मागच्या बाकावर बसला, भर उन्हाळ्यातही ते उघडं जाकीट अंगात. टीव्ही बंद होता. बराच वेळ त्या काळ्या काचेकडे बघत राहिला. "फोन लवकर केला असता तर," मी काहीतरी बोलायला गेलो. तो म्हणाला, "कुणाचा दोष न्हाई रे. सगळ्यांनी आपापल्या परीनं केलं. सगळं संपल्यावर माझी आठवण आली. तिथंबी तसंच, इथंबी तसंच. दोन मिनिटं भेटली."

मी चहा पुढे केला, तो त्याने घेतला नाही.

दिवस करून तो परत निघाला. फाट्यावर उन्हाळा पेटला होता, डांबर चपलेला चिकटत होतं. गाडी आली. त्याने पायरीवर पाय ठेवला, मान खाली घातली. मला वाटलं, वळून काही बोलेल. त्याने एका हाताने पिशवी सावरली आणि दुसऱ्या हाताने जाकिटाची चेन लावली. सावकाश, पार गळ्यापर्यंत.