पास्तरनं अर्धी ठेवलेली गोष्ट

पास्तरनं मला फसवलं. सौदा दोन गोष्टींचा ठरला होता. माझ्याकडून एक घेतली, दुसरी मिळालीच नाही.

मी धानाचा व्यापारी. पोती शिवता शिवता दुकानापर्यंत आलो, ते कोणाचं गोड बोलणं ऐकून नाही. तरी या माणसापुढं हरलो. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. खुर्ची दिली की बाजूला सारून जमिनीवर बसायचे, गुडघे चोळायचे आणि म्हणायचे, "आता त्याची गोष्ट तुम्ही सांगा."

भांडण तलावाच्या पाण्याचं. पाऊस लांबला त्या साली माझ्या शेतापुरतं पाणी घेऊन मी तलावाचं गेट बंद केलं आणि शेजारच्या देवरामचे पऱ्हे, लावणीची धानाची रोपं, वाळले. राग त्यानं माझ्या बापाच्या मयतीवर काढला. गल्लीतल्या एकालाही खांदा देऊ दिला नाही. चार माणसं मला दवनीवाड्याहून आणावी लागली.

पास्तर मधे पडले. येशूनं सांगितलेली उधळ्या पोराची गोष्ट काढली आणि सगळं उडवून परतलेल्या धाकट्याला बापानं मेजवानी दिली म्हणून रुसून अंगणात उभ्या राहिलेल्या मोठ्या भावापाशी थांबले.

"मंग? गेला का तो घरात?" मी विचारलं.

"पुस्तकात नाही लिहिलं, शेठ. उभाच आहे अजून. तुमच्यासारखा."

देवराम हसला. मी भडकलो. "त्याची गोष्ट मीच काऊन पहिले सांगू?"

"देवानंही आधी दिलं, मंग विचारलं. कोणाले तरी पहिले द्याच लागते."

समोरचा "हो, असंच झालं" म्हणेपर्यंत त्याची गोष्ट 'मी' म्हणून सांगायची, हा त्यांचा नियम. गावासमोर मी देवराम झालो. बायको डोक्यावरच्या पितळी गुंडानं पाणी आणून वाळक्या पऱ्ह्यांवर शिंपडून राहिली आणि मी बांधावर नुसता बसलो आहे, इथं माझाच आवाज फाटला. पास्तरनं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं माझं तोंड पुसलं. देवराम खाली पाहत म्हणाला, "हो. असंच झालं."

पुढच्या रविवारी देवराम 'मी' होणार होता. गुरुवारी पास्तर गेले.

त्यांच्या पेटीला पुढून मी खांदा दिला, मागून देवरामनं. लोक म्हणाले, समेट झाला. आता पाणी पाळीनं सुटतं, लग्नाच्या पत्रिका येतात-जातात. त्याच्या पाळीची आठवण करून दिली की देवराम म्हणतो, "पास्तरच नाही राहिले, आता कायले उकरून राहिला?"

पास्तरनं गावात शांती आणली म्हणतात. आणली असेल, माझ्या पदरची.

पास्तरची जमिनीवरची ती जागा रिकामी आहे, देवराम. गावासमोर तिथं बस. बापाची तिरडी बांधून तयार होती आणि मी एकेका बंद दारापुढं हात जोडत फिरलो, ते माझ्या तोंडानं सांग. "हो, असंच झालं" म्हणायला मी कधीचा बसलो आहे.