धवलेरीची मूठ

मला मारामारीचे सिनेमे आवडतात. या वयात शोभत नाही, पण आवडतात, काय करू! त्यातून हिरो फोटोग्राफर असला की माझी चुलीवरची भाजी करपलीच म्हणून समजा. जव्हारला आमचा फोटो स्टुडिओ, म्हणून तो हिरो मला घरातलाच वाटतो. गळ्यात कॅमेरा, मागे गुंड, हा छपरांवरून उड्या मारतोय आणि लेन्सला साधा ओरखडा नाही. आमचे हे म्हणतात, "अगं, त्याला एकदा मोखाड्याच्या शाळेत पाठव, पोरांचे पासपोर्ट फोटो काढायला. सगळ्या उड्या विसरेल."

पण माझा जीव अडकायचा तो पुढच्या प्रसंगात. हिरो फोटो मोठा करतो, आणखी मोठा करतो, आणि कोपऱ्यात पडद्याआड खुनी दिसतो. पोलिसांना दिसलं नाही ते याला दिसतं. आणि तो कधी म्हणजे कधीच चुकत नाही. मी चौथी शिकलेली बाई. कॉम्प्युटरवर फोटो उजळायचं काम यांच्या पाठीमागे उभी राहून शिकले. मनात यायचं, आपला डोळा तरी कुठे कमी आहे?

दोन वर्षांपूर्वी साखरशेतच्या पलीकडे एका पाड्यावर लग्न होतं, फोटो आमच्याकडेच होते. आमच्याकडे लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात आणि धवलेरी गाणी म्हणून लग्न लावते. त्या बाजूची धवलेरी म्हणजे सत्तरीची एकटी बाई. सगळे तिला आत्या म्हणत, मीही म्हणायची. घरात दोन भांडी, पण लग्नात तिचा शब्द शेवटचा. तिने गाणं धरल्याशिवाय नवरानवरी जागचे हलत नसत.

लग्न झालं आणि नवरदेवाच्या आईचा अंबाड्यात खोचायचा चांदीचा आकडा सापडेना. तिच्या आईकडून आलेला. चार दिवसांनी ती स्टुडिओत आली, डोळे रडून सुजलेले. "बाय, तुझ्या फोटूत कुठं दिसतो का बघ ना."

बघ म्हटल्यावर काय, माझ्या अंगात तो हिरोच शिरला! हे मोखाड्याला गेले होते, कॉम्प्युटर माझ्या ताब्यात. एकेक फोटो उघडला. एकात चौकापुढे आत्या उभी, मूठ आवळलेली, आणि मुठीतून बोटभर काहीतरी पांढरं, चकचकीत बाहेर आलेलं. मोठा केला. आणखी मोठा केला.

"हा बघ," मी म्हटलं. "हाच ना तुझा आकडा?"

ती बघत राहिली. "दिसतो तर तसाच..."

"तसाच काय, तोच आहे!"

एवढं बोलून गप्प बसले असते तरी चाललं असतं. मी तो मोठा फोटो छापून तिच्या हातात दिला.

फोटो पाड्यावर घरोघर फिरला. आत्या म्हणाली, "आगं, ती चौक लिवायची काडी हाये. लिवणाऱ्या पोरीनं धरायला दिलेली." पण फोटोपुढे तिचं कोण ऐकणार? पुढच्याच लग्नात तिला बोलावलं नाही, स्पीकर लावला. आणि मला बाजारात बायका म्हणायच्या, "फोटोवाली बाय पोलिसांच्या वरताण निघाली!" खोटं कशाला सांगू, मला ते गोड लागायचं.

पेरणीला भाताचं बी काढायला नवरदेवाच्या आईने कणगी उघडली. आकडा भातात. हरवू नये म्हणून लग्नाच्या गडबडीत तिनेच ठेवलेला. ती मला येऊन कानात सांगून गेली, "आता कुठं बोलू नको, बाय. माझीच लाज जाईल."

ती गेल्यावर मी कार्डातला मूळ फोटो उघडला. छापायच्या आधी आम्ही प्रत्येक फोटो उजळतो, पांढरं आणखी पांढरं करतो, कडा धारदार करतो. ती कामाची सवयच, त्या लग्नाचे सगळे फोटो मी आधीच उजळून ठेवले होते. मूळ फोटोत स्वच्छ दिसत होती बांबूची काडी, टोक चावून मऊ केलेलं, पिठाच्या पाण्याने ओली. तिची चांदी मी केली होती, माझ्या हाताने. आणि हे कळूनही मी दोन महिने गप्प बसले. नवरदेवाच्या आईची लाज हे निमित्त होतं. लाज मला माझी होती.

श्रावणात आत्या स्टुडिओत आली. पेन्शनच्या कागदाला फोटो हवा होता. खुर्चीवर बसली आणि विचारलं, "यात तोंडच येतं ना, बाय? हात नाय ना येत?"

माझ्याच्याने कॅमेरा उचलवेना. तिच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. काडी, कणगी, माझं गप्प बसणं. तिने ऐकून घेतलं. "मना कशाला सांगतेस? मी काय घेतलं, काय नाय, ते मना ठावं हाये. पाड्यावर सांग."

आठ दिवसांत दोन्ही फोटो घेऊन पाड्यावर गेले. अंगणात बायका जमवल्या आणि सांगितलं. नवरदेवाची आई मान खाली घालून उभी राहिली. एक म्हातारी म्हणाली, "तुझा डोळा चांगला होता गं, मग तवा का फुटला?"

पुढच्या लग्नसराईत आत्याला बोलावणं गेलं. तिने निरोप धाडला, गळा बसलाय. पुन्हा गेलं, पुन्हा तेच. स्पीकरच वाजतो अजून.

सिनेमे मी बघते. पण हिरो फोटो मोठा करायला लागला की उठून भाजी ढवळते.

परवा त्याच पाड्यावर हळदीचे फोटो काढायला गेले होते, तेव्हा वाकडी वाट करून आत्याकडे गेले. ती दारात नाचणी पाखडत होती आणि स्वतःशी गाणं म्हणत होती, चांगल्या मोकळ्या गळ्याने. मला बघून गप्प झाली. "ये, बस," म्हणाली. मग माझ्या खांद्यावरच्या कॅमेऱ्याकडे बघितलं, सूप खाली ठेवलं आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.