नकाशातला सायकल रस्ता

भिलाईत मोठ्या कारखान्याच्या आडोशानं लहानसहान कितीतरी कारखाने वाढले होते. त्यातल्या एका ओतकामाच्या कारखान्यात, बांधकाम विभागात, मी ट्रेसर होते. ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. इंजिनियरांचा पेन्सिलीचा नकाशा ट्रेसिंग कापडावर शाईनं गिरवायचा आणि अमोनियाच्या यंत्रातून त्याच्या प्रती काढायच्या. त्या उग्र वासानं डोळ्यांतून पाणी यायचं. अजूनही एखाद्या मुतारीजवळून जाताना मला ती खोलीच आठवते.

वसाहतीतून कारखान्याच्या फाटकापर्यंत सरळ रस्ता होता. नकाशात त्याच्या डाव्या अंगाला दोन तुटक रेघा होत्या आणि मधे लिहिलेलं होतं, ‘सायकल ट्रॅक’. दर दोन-तीन वर्षांनी नकाशा नव्यानं निघे आणि मी जुन्यावरून तो ट्रॅक जसाच्या तसा गिरवत असे. प्रत्यक्षात तिथे अधिकाऱ्यांच्या बंगल्यांची मेंदीची कुंपणं होती, टिनाची स्कूटरची शेडं होती, एके ठिकाणी कोबीचे वाफे होते. मी रोज त्याच रस्त्यानं पायी जायची. तरी माझ्या मनात कधी आलं नाही की आपण खोटं गिरवतो आहोत.

आमच्या शेजारच्या क्वार्टरात भंडाऱ्याकडचे एक काकाजी राहत. साच्यावर काम करायचे, घरची धानाची शेती सोडून आलेले, बोलणं कमी. दुपारच्या पाळीला सायकलवर निघाले असताना नंदिनीच्या खाणीकडून चुनखडी घेऊन येणाऱ्या एका ट्रकची फळी त्यांना लागली. मांडीचं हाड मोडलं. तीन महिने खाटेवर होते.

मग एक दिवस काकू एक कागद घेऊन आल्या. इंग्रजीत होता, वाचून दाखव म्हणाल्या. चौकशीचा निकाल होता तो. वेगळा सायकल ट्रॅक उपलब्ध असूनही जखमी कामगार मुख्य रस्त्यावरून जात होता, सबब अपघाताला तो स्वतः जबाबदार आहे. सोबत पुरावा म्हणून नकाशाची प्रत जोडली होती. कोपऱ्यात ‘ट्रेस केले’ या रकान्यात माझी आद्याक्षरं होती. मी ती अंगठ्याखाली झाकून वाचत राहिले. पुढे न राहवून अंगठा काढला आणि काकूंना सांगितलं, हे मी काढलं आहे.

त्यांनी कागद माझ्या हातून घेतला. म्हणाल्या, “मंग तुले त माहीत आहे न, तिथं रस्ता नाई म्हणून?”

रविवारी सकाळी मी ऑफिसातला टेप घेऊन निघाले. दुसरं टोक धरायला काकूच आल्या. कुठे कुंपण किती पुढे आलंय, शेड कुठे आहे, सगळं मोजून मी वहीत लिहीत गेले. आमच्याच साहेबांच्या बंगल्यापाशी ट्रॅकच्या जागेवर हिरवळ होती आणि कुत्र्याचं घर होतं. कुत्रा आमच्यावर भुंकत राहिला. आदल्या दिवाळीला याच हिरवळीवर खुर्चीत बसून मी अनारसे खाल्ले होते. पलीकडच्या बंगल्यातल्या बाई बाहेर आल्या, काय चाललंय विचारलं आणि म्हणाल्या की सायकलवाले जाता-येता पान-तंबाखू थुंकतात, कुंपण आहे तेच बरं. काकू मान खाली घालून टेप गुंडाळत होत्या. त्यांचा नवरा आयुष्यात सुपारीसुद्धा खात नव्हता.

सोमवारी मी ते टिपण साहेबांसमोर ठेवलं. साहेब नागपूरचे, बोलणं फार मऊ. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, “तुमचं बरोबर आहे. जे जागेवर नाही ते नकाशात असता कामा नये.”

मला इतका आनंद झाला की मी आभारसुद्धा मानले. मग त्यांनी ड्रॉवरमधून दाढीचं नवं पातं काढून माझ्यापुढे सरकवलं. चुकलेली शाई आम्ही पात्यानंच खरडत असू. म्हणाले, ट्रॅक काढून टाका, तिथे ‘हरित पट्टा’ लिहा.

मी चौकशीचं विचारलं. ते म्हणाले, चौकशी त्या वेळच्या नकाशावर झाली, आता तिला हात लावता येणार नाही.

म्हणजे अपघाताच्या दिवशी ट्रॅक होता आणि त्यानंतर तो नव्हता. कागदावर सगळं जुळत होतं.

मी नाही म्हणायला हवं होतं. घरी वडील निवृत्त झालेले, धाकटी बहीण शिकत होती, ही कारणं खरी आहेत, पण त्या क्षणी मला त्यातलं एकही आठवलं नव्हतं. साहेबांनी सांगितलं म्हणून मी खरडायला बसले, एवढंच. कापड फाटू नये म्हणून पातं आडवं धरून, हलक्या हातानं, दुपारभर. काळी भुकटी बोटांना चिकटत होती. संध्याकाळी साहेबांनी कापड उजेडाकडे धरून पाहिलं आणि डागसुद्धा दिसत नाही म्हणून शाबासकी दिली. मी हसले. त्या हसण्याची मला आजही शिसारी येते.

घरी न जाता आधी काकाजींकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते भिंतीला टेकून बसले होते, पाय लांब केलेला. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, “मंग आता नकाशात आमी सायकलवाले कोठून जाऊन राहिलो?”

मी आठवून पाहिलं. गाड्यांचा रस्ता होता, हरित पट्टा होता, नाली होती. “कोठूनच नाही,” मी म्हणाले.

पुढच्या महिन्यात ते कामावर जाऊ लागले. पाय आखूड झाला होता, पॅडल मारता येत नव्हतं. सायकलचा हँडल धरून, तिच्यावर भार टाकत ते पायी निघायचे. मी त्यांच्यासोबत जायची. मागून ट्रक आला की ते सायकल आधी नालीत उतरवायचे, मग स्वतः उतरायचे, आणि धूळ बसेपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे राहायचो.